टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

मैत्रिणींनो, तुमचेही असे होते का, सांगा बरे. लहानपणी वाचलेली किंवा ऐकलेली एखादी गोष्ट मनात घर करून असते. पण तिचे नाव विचाराल तर आठवत नाही, लेखक आठवत नाही, आणि ती पुस्तकात होती की दिवाळी अंकात तेही सांगता येत नाही. पदराचे टोक तेवढे हाती राहते, लुगडे कुठे गेले त्याचा पत्ता नाही!

माझ्याकडे अशी दोन-तीन टोके आहेत. त्यातले एक तर मी तीसएक वर्षे सांभाळले होते. एक प्राध्यापक टाउन हॉलमध्ये जाऊन पुस्तके वाचतात. मग एका मैदानावर सभा चाललेली दिसते. कुणी बोलावलेले नसताना ते स्टेजवर चढून भाषण सुरू करतात आणि लोक त्यांना अंडी नि टोमॅटो फेकून मारतात. शेवटी त्यांच्या खिशात एक फाटके पान निघते. एवढेच. त्या पानावर काय होते, ते मात्र मला अजिबात आठवत नव्हते.

ही गोष्ट आम्हाला अण्णांनी वाचून दाखवली होती. कोल्हापुरात आमच्या माडीवर, दिवे गेले की कंदिलाच्या उजेडात अण्णा वाचत. पुस्तके आणत करवीर नगर वाचन मंदिरातून. १८५० सालचे हे वाचनालय; अण्णांना त्याचा भारी अभिमान. ताई बारा वर्षांची आणि मी सात. ती टक्क जागी असायची, मी अर्ध्यात पेंगायची. त्यामुळे माझ्या सगळ्या गोष्टी अर्ध्याच.

शिवाय टाउन हॉल म्हटल्यावर कोल्हापूरच्या पोरीला दुसरे काय आठवणार? आमचा टाउन हॉल म्हणजे बागेतली उंच टोकदार छपरांची इमारत, आत वस्तुसंग्रहालय. ते प्राध्यापक तिथेच गेले आणि सभा झाली ती गांधी मैदानावर, असे मी पक्के ठरवून टाकले होते. पुढे कॉलेजात असताना एकदा मुद्दाम आत जाऊन पाहिले. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू, मूर्ती, तलवारी, सगळे होते. वाचत बसावे अशी पुस्तके कुठेच नव्हती. मग प्राध्यापक वाचत काय होते? मोबाइलवरही शोधून पाहिले, पण त्याला नाव लागते. ‘अंडी, टोमॅटो’ म्हटले की तो आपला आमलेटची कृती दाखवतो!

ताईला विचारले असते तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण अण्णा गेले, माडीचे घर विकले आणि त्या वाटणीत आम्हा बहिणींचे बोलणे तुटले. पैशावरून नव्हे हो. अण्णांची एक लोखंडी ट्रंक होती. ती ताईने मला न विचारता डोंबिवलीला नेली. मी बोलायला नको ते बोलले, तीही बोलली. दोन वर्षे सणावारालासुद्धा फोन नाही. तुमच्यातल्या ज्यांना बहिणी आहेत, त्यांना यापुढचे सांगायला नको.

तर गेल्या थंडीत नणंदेकडे गिरगावात आठ दिवस राहिले होते. एक दुपार मोकळी मिळाली. नणंद म्हणाली, “वहिनी, फोर्टात फिरून या. आमच्या एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसा थोडा वेळ.”

हॉर्निमन सर्कलच्या झाडांतून बाहेर आले आणि समोर पाहते तो पांढरीशुभ्र इमारत, आठ भरदार खांब आणि खालून वरपर्यंत रुंद पायऱ्या. तीस आहेत म्हणे. मी मोजायला लागले, पण मध्ये मांडीवर पुस्तक ठेवून गप्पा मारणारी पोरे-पोरी बसलेली, त्यांना वळसा घालता घालता मोजणी चुकली. साडी सावरत वर पोचले तेव्हा धाप लागली होती. (पहिल्यांदाच जाणार असाल तर उंच टाचा घालून जाऊ नका.) ही इमारत १८३३ साली पूर्ण झाली. एशियाटिक सोसायटी तिच्याहूनही जुनी, १८०४ ची. आत संगमरवरी पुतळे आहेत. त्यात आपले नाना शंकरशेट दिसल्यावर साहेबांच्या गर्दीत घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. दांतेच्या महाकाव्याची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत याच संस्थेकडे आहे. शूर्पारक, म्हणजे आपले नालासोपारा. तिथल्या स्तूपात १८८२ साली सापडलेले अवशेषही इथलेच.

दाराशी उभ्या असलेल्या एका मुलाला मी सहज विचारले, “या इमारतीला नाव काय?”

“टाउन हॉल,” तो म्हणाला.

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. टाउन हॉल, आणि आत पुस्तके! मी चुकीच्या गावात शोधत होते.

वर्तमानपत्रे वाचत बसलेल्या एका आजोबांपाशी गेले आणि लाज सोडून सगळे सांगितले. प्राध्यापक, सभा, अंडी, फाटके पान. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहून इतके हसले की शेजारच्यांनी माना वर केल्या. “अहो बाई, ते गंगाधरपंत! ‘गंगाधरपंतांचं पानिपत’. जयंत नारळीकरांची गोष्ट. ‘यक्षांची देणगी’ घ्या आणि वाचा.”

म्हणजे ज्या वाचनालयात गंगाधरपंत जातात, त्याच्याच दारात मी गोष्ट विचारत उभी होते!

पुस्तक विकत घेतले आणि परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बर्थवरच्या दिव्याखाली वाचायला लागले. तुमच्यापैकी कुणी वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे सभांचे अध्यक्षपद भूषवण्यात मुरलेले. हजाराव्या अध्यक्षपदाच्या तयारीत असताना ते एका ट्रकला धडकतात आणि भलत्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे पानिपतची लढाई मराठे जिंकलेले असतात! विश्वासरावांना लागायची गोळी थोडक्यात चुकलेली असते आणि पुढचा सगळा इतिहास बदललेला असतो. मुंबई तेवढी इंग्रजांकडे उरलेली. टाउन हॉलमधल्या बखरीत ते हे सारे वाचतात. मग आझाद मैदानावरची सभा. तिथे अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून त्यांना राहवत नाही आणि पुढे अंड्यांचा मारा होतो. शुद्धीवर येतात ते आपल्याच जगात, पण बखरीचे एक फाटके पान खिशात राहिलेले असते. गोळी चुकल्याचे लिहिलेले नेमके तेच पान.

आणि मी काय लक्षात ठेवले? अंडी आणि टोमॅटो!

खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली तेव्हा गंमत वाटली. गंगाधरपंतही याच वाटेने मुंबईला आले होते. बोगद्यापलीकडे त्यांना परकी हद्द लागली, मला लोणावळ्याची चिक्की लागली.

नारळीकरांची आणखी एक हकीकत मला फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने; स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली. पहिले बक्षीस मिळाले. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. २०२३ साली त्या गेल्या, २०२५ साली नारळीकर.

सकाळी मिरजेच्या आसपास गाडी होती. मी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावला.

“ताई, अण्णांनी वाचलेली ती गोष्ट...”

“कुठली? अंडी मारतात ती?” ताई म्हणाली. दोन वर्षांनी ऐकलेले तिचे हे पहिले शब्द. “अगं, गंगाधरपंत की! आमच्या पोराच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात धडाच होता तो. मला तुझी आठवण झाली होती.”

“मग फोन का नाही केलास?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, “थांब जरा.” लोखंडी झाकण करकरल्याचा आवाज आला. ट्रंकेत अण्णांची वही होती. आणलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद. ताईने वाचून दाखवले, “यक्षांची देणगी. मुलींना वाचून दाखवली. धाकटी पानिपतपूर्वीच झोपली.”

कोल्हापूर येईपर्यंत आम्ही बोलत होतो. तिचेही एक टोक होते. एक यांत्रिक घर रोज सकाळी टोस्ट भाजते, अंडी तळते, जमीन झाडते, पण खाणारे कुणीच नाही. माणसांच्या नुसत्या सावल्या भिंतीवर उमटलेल्या. तिच्या मुलाने ती दुसऱ्या दिवशी शोधून काढली. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची, १९५० सालची, बॉम्बने माणसे संपल्यानंतरची. ही कुणी कधी सांगितली, ते तिला आठवत नाही. मला तर ऐकूनच स्वयंपाकघरात जावेसे वाटेना. आपण नसताना आपला गॅस पेटतो आहे, ही कल्पनाच कशीशी.

आता एकच टोक उरले आहे. एक बाई आरशापुढे केस विंचरते आहे. विंचरून झाल्यावर ती फणी खाली ठेवते, पण आरशातली बाई फणी ठेवायची विसरते. ताई म्हणते, आरसा नव्हताच, खिडकी होती. मी म्हणते आरसाच. वहीत असेल म्हणून मे महिन्यात ती वही घेऊन येणार आहे. तोवर तुमच्यापैकी कुणी ही गोष्ट वाचली असेल, तर तेवढे नाव कळवा हं.