दहा फॉरवर्ड, एक साक्षीदार

सुट्टीआधी प्रकल्पवह्यांचा ढीग ग्रंथालयात येतो. शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली बहुतेकांनी एकच शब्द लिहिलेला असतो : गूगल. पत्र कुणाचं आलं असं विचारल्यावर ‘पोस्टमनचं’ म्हणावं, तशातली गत. मुलांना तरी काय बोलायचं? वेळापत्रकात एखादा तास कमी पडला की पहिली कुऱ्हाड ग्रंथालयाच्याच तासावर पडते.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. आठवी-नववीच्या मुलांना माहिती शोधायला आणि पारखायला शिकवते, तेव्हा सुरुवात एका चित्रापासून करते. दिवाळीच्या तोंडावर ते तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. काळोखात भारताचा नकाशा पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल ठिपक्यांनी लखलखतोय आणि खाली मजकूर : दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाच्या उपग्रहातून. खरं की खोटं, असं विचारलं की मुलं चित्रात डोळे घालतात. ‘बाई, एकदम क्लिअर आहे.’ ‘नासाचं नाव आहे ना खाली!’ ‘मुंबईकडे उजेड जास्त आहे, म्हणजे बरोबरच.’

डोळ्यांत तेल घालून पाहा, असं आपणच त्यांना सांगत आलो. धड्याच्या पुस्तकाला ते ठीक; पडद्यावर तोच सल्ला अंगलट येतो, कारण फसवणारा दिसण्यावरच मेहनत घेतो. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे पीएच.डी. झालेले अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. संकेतस्थळाच्या रुबाबाला इतिहासकारही भुलले. तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. दुसरी खिडकी उघडून, या मंडळींबद्दल बाकीचे काय म्हणतात, ते त्यांनी आधी पाहिलं.

म्हणून माझा पहिला नियम : ज्याचं नाव घेतलंय, त्याच्याच दारात जाऊन विचारा. नासाचं नाव आहे ना, मग नासाकडेच चला. तिथे २०१२ सालचा खुलासा सापडतो. ते रंगीत चित्र अमेरिकेच्याच ‘नोआ’ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ मध्ये तयार केलं, तेही लोकसंख्यावाढ दाखवण्यासाठी. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे; निळे, हिरवे आणि लाल अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये दिसू लागलेले. सोबत नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं, म्हणजे ऐन दिवाळीतलं, खरं उपग्रहचित्रही दिलंय. ते अगदीच साधं आहे. पणत्या-आकाशकंदिलांनी वाढणारा उजेड इतका थोडा, की अवकाशातून तो बहुधा जाणवतही नाही. मुलं हिरमुसतात. हिरमुसू देत.

‘पण बाई, हे तर कितीतरी साइटवर आहे!’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यासाठी मी शिवजन्माची तारीख काढते. उत्तरकालीन बखरींत शके १५४९ चा वैशाख होता, म्हणजे सन १६२७. पुस्तकांमागून पुस्तकं तेच लिहीत गेली. पुस्तकं शंभर झाली तरी साक्ष त्या बखरींचीच. मग भोरजवळच्या कारीच्या जेध्यांकडची शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती छापली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शिवकालातल्याच कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’ची पोथी तंजावरला मिळाली, तिच्यातही तीच तिथी. जोधपूरला सापडलेली कुंडलीही तेच सांगते. कुठे कारी, कुठे तंजावर, कुठे जोधपूर! एकमेकांचं बघून लिहायचा संबंध नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. हे फळ्यावर मांडलं की दहा ग्रुपांवर आलेला एकच फॉरवर्ड म्हणजे एकच साक्षीदार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक धोका मात्र आहे. दोन-चार भांडी अशी फुटली की वर्गातले हुशार टवाळ ‘काहीच खरं नसतं’ म्हणू लागतात. ‘सगळ्यावर संशय घ्या’ ही शिकवण मला म्हणूनच आवडत नाही. ती ऐटबाज असते आणि शोधण्याचे कष्ट वाचवते. कुणावर, कशापुरता विश्वास ठेवायचा, हे ठरवणं खरं अवघड. २००६ पूर्वीचे ज्ञानकोश प्लूटोला ग्रह म्हणतात. म्हणून ते रद्दीत घालायचे नसतात, छापल्याचं साल पाहून वाचायचे असतात.

नववीतल्या एका मुलीने १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प केला. खडी फोडणं, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, सगळं तपशिलात. संदर्भात लिहिलं होतं : आजी. तपासणाऱ्या सरांनी त्यावर लाल रेघ मारून ‘पुस्तकाचे नाव लिहा’ असा शेरा दिला. राज्यात किती मजूर कामावर होते याचा आकडा तिने आजीच्याच तोंडून घेतला होता. तो मी काढायला लावला आणि त्यासाठी सरकारी अहवाल शोधायला बसवलं. मिलोच्या भाकरीसाठी मात्र आजीहून वरचढ संदर्भ माझ्या कपाटात नाही. ते नाव तिला पुन्हा लिहायला सांगितलं. सोबत आजीचं वय, गाव, ती तेव्हा कोणत्या कामावर होती आणि हे बोलणं कोणत्या तारखेला झालं, तेही.