नीळ की पिवडी?

आमची शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच तालुक्यात. पावसाळ्यात इथे दिवस दिवस ऊन पडत नाही. त्यात वीज गेली की भर दुपारी वर्गात अंधारून येतं.

गेल्या उन्हाळ्यात वर्ग रंगवायचा ठरला. पैसे बेताचे, तेव्हा चुनाच लावायचा. पण चुन्यात घालायचं काय? नीळ की पिवडी? मला निळसर भिंत आवडते, डोळ्यांना गार वाटते. मुलं म्हणाली, "नाही गुरुजी, पिवडी!" वाद काही मिटेना.

शेवटी मी दोन डब्यांत चुना कालवला. (चुना डोळ्यांत उडाला तर इजा होते, म्हणून हे काम मोठ्यांचंच!) मागच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. ओले असताना दोन्ही मळकट दिसले. मुलांची तोंडं उतरली. पण वाळता वाळता दोन्ही उजळले. ओला चुना भिंतीवर नीट दिसत नाही, वाळला की पांढरा होतो. ओल्या रंगावरून निकाल द्यायचा नसतो, तो असा!

तेवढ्यात वळवाचं आभाळ भरून आलं आणि वीज गेली. कोपऱ्यात बसणारी, तिसरीतली एक अबोल मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, आता बघा ना. निळा पट्टा राखाडी दिसतोय. पावसाळ्यात माझ्या कोपऱ्यात असंच असतं. पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत."

मी चपापलो. पावसाळ्यात ती अडखळत वाचायची, तेव्हा "अभ्यास करत नाहीस" म्हणून मी तिला रागावलो होतो!

आमच्या खिडक्या उत्तरेकडे. तिथून येतो तो बहुधा आभाळाचा निळसर उजेड. त्यात निळी भिंत आणखीच मंद वाटते, पिवळसर भिंत उबदार वाटते. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत नीळही छान शोभली असती. रंग डब्यात पाहून नव्हे, आपल्याच भिंतीवर, सकाळी, दुपारी आणि अंधारल्यावरही पाहून ठरवावा.

पिवडीच जिंकली. त्या मुलीची जागा आता खिडकीजवळ आहे, आणि ती धडाधडा वाचते. जागा बदलायला मात्र रंगाची वाट पाहायला नको होती, नाही का?