कारंजाचे जिन: काही पाने

9 एप्रिल, कारंजा (लाड)
कापसाच्या या जिनचे रेचे केव्हाच भंगारात गेले, इमारत उभी आहे. रुई आणि सरकी वेगळी व्हायची ते लांब दालन, शेजारी गाठी बांधायची उंच प्रेस. मालकांची मुले म्हणतात, पाडून प्लॉट विकू. मी थोडी मुदत मागून घेतली. 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार याच गावात सुरू झाला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे इथूनच धावली. तो काळ सांगणारे जिन पाडायचे, हे मनाला पटत नाही.

10 एप्रिल
भिंती जाड, चुन्यात बांधलेल्या. बाहेर अंगाची लाही होत होती, आत बसवत होते. खाली मात्र कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय आणि नेमका तिथेच विटांचा भुगा पडतोय. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडते. मग क्षार विटेतच फुलून तिला फोडतात. आधी तो गिलावा खरवडायचा, भिंत वाळू द्यायची, मगच पुन्हा चुना. या विटा भाजायला लाकूड-कोळसा एकदा जळून गेलाय. त्या फेकून नव्या आणायच्या म्हणजे तेवढे इंधन पुन्हा जाळायचे.

11 एप्रिल
पत्रे बदलावे लागतील, लोखंडी कैच्या पक्क्या आहेत. 1000 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लीटर पाणी. ते बॉयलरच्या जुन्या विहिरीत सोडता येईल.
एक म्हातारे हमालकाका भेटले. फाटकावर बिडी-काडी काढून घेत, म्हणाले. शेडांमधल्या मोकळ्या जागाही कापसाला आग लागण्याच्या भीतीनेच सोडलेल्या. तिथे एक वीटही चढवायची नाही.

13 एप्रिल
नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची. आज तिथे मॉल आहे, त्याच नावाचा. कारंजात असे होऊ नये. रस्त्याकडे दुकाने, दालनात बचत गटांची शिलाई आणि गाद्यांचे काम, प्रेसच्या उंच खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका. गावातली मुले घरच्या गर्दीत कशी वाचतात ते मी पाहिले आहे.
मालक म्हणाले, "भाड्याचा हिशेब दाखवा." रास्त आहे. उद्या दहा वर्षांचा मांडून देतो. दुकानांच्या भाड्यातून देखभाल निघेल असा. अभ्यासिका मात्र त्यातून वगळणार नाही.