तुराटीची खूण: गळ टाकायच्या आधी नदी कशी बघायची



आज चौथा दिवस, रानात वापसा नाही. कपाशीत पाय घातला की घोट्यापर्यंत चिखल. फवारणी थांबली, खुरपणही थांबलं. अशा रिकाम्या दिवशी गोदाकाठच्या गावातल्या लेकरांना एकच सुचतं. सकाळी धाकटा गळाची दोरी घेऊन दारात उभा. "पप्पा, दोन दिवस झाले पाऊस नाही, ऊन पडलंय, पाणी बी कमी झालंय. जाऊ का?"

तीन गोष्टी बोलला. पहिल्या दोन गोष्टींचा आपल्या गोदावरीशी फारसा संबंध नाही, आणि तिसरी त्यानं जाऊन बघितलेलीच नव्हती. त्याला रागवावं असं वाटलं, पण रागवलो नाही. कारण याच तीन गोष्टींच्या भरवशावर मी स्वतः एकदा नदीत उतरलो होतो. ते आज लिहून ठेवतो.

मी तेव्हा पंचवीसएक वर्षांचा असेन. ऑगस्टचा महिना, आमच्या गेवराई तालुक्यात पावसानं मोठी उघडीप दिलेली. कापूस माना टाकत होता. नदी अशी की मधल्या खडकापर्यंत पिंढरीएवढ्या पाण्यातून चालत जाता यायचं. मी आणि चुलत भाऊ गांडुळाचा डबा, दोन गळ घेऊन खडकावर जाऊन बसलो. चपला खडकाच्या कडेला काढून ठेवल्या.

पहिला तासभर काहीच नाही. मग एकदम मासे ओढायला लागले. दोन मरळ, पाठोपाठ एक वाम, चिलाप्या तर मोजल्याच नाहीत. गळ टाकला की दोरी ताठ. आम्ही म्हणलं, आज नशीब उघडलं. तेवढ्यात काठावरून नानांची, म्हणजे आमच्या चुलत्यांची, हाक आली. ते दोन्ही हात हलवत होते. आम्हाला वाटलं, मासे मिळाले का विचारायलेत. भावानं हसत मरळ वर धरून दाखवली.

मग मी खाली बघितलं तर माझी एक चप्पल जागेवर नव्हती. दुसरी माझ्यादेखत पाण्यावर तरंगली आणि निघाली.

डोक्यावर ऊन, आभाळात ढग नाही आणि पाणी चढायलंय. परत येताना तेच पाणी मांडीपर्यंत होतं, आणखी पुढं आलो तर कमरेपर्यंत. चालत आलो होतो ती वाट पायाला सापडेना. भाऊ माझ्या पुढं दोन पावलं होता तो गपकन खाली गेला. वाळू उपसून झालेला खड्डा. डोकं वर आलं तेव्हा तो पाच-सात हात खाली वाहत गेलेला. नानांनी मोटारीचा दोर फेकला, तो त्याच्या हाताला लागला म्हणून आज तो आहे. मासे, डबा, गळ सगळं गेलं.

काठावर आल्यावर नाना एवढंच म्हणाले, "पोरांनो, आभाळाकडं बघून नदीत शिरलात. आभाळ इथलं हाय, पाणी इथलं न्हाई."

वरून पाणी सोडणार असल्याची दवंडी सकाळीच गावात झाली होती. आम्ही रानात होतो, आणि नदीवर जाताना कुणाला विचारलं नाही. चूक आमचीच.

आता नानांच्या त्या वाक्याचा हिशोब मांडतो. आपल्या काठानं वाहणारं पाणी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येतं. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात, दारणा-प्रवरेच्या खोऱ्यात पाऊस झाला की ते पाणी पैठणच्या नाथसागरात येतं, आणि तिथून किती, केव्हा सुटेल ते दरवाजे ठरवतात. या धरणाला जायकवाडी म्हणतात ते आपल्याच बीड जिल्ह्यातल्या गावावरून. निजामाच्या काळात धरण त्या गावाजवळ बांधायचं ठरत होतं, पुढं जागा वर पैठणला गेली आणि नाव तेच राहिलं. १९७६ साली धरण झालं, तेव्हापासून आपल्या नदीला ऋतूबरोबर दरवाजेही लागले.

धरणाला २७ दरवाजे आहेत, पूर्ण भरल्याची पातळी १५२२ फूट. भरलेलं असताना १८ दरवाजे अर्धा-अर्धा फूट उचलले तरी साडेनऊ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटतं. क्युसेक म्हणलं की आपल्याला अंदाज येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. साडेनऊ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला असे सव्वीस-सत्तावीस टँकर नदीत उपडे होतात. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपण जो पूर बघितला, तेव्हा विसर्ग दोन लाख क्युसेकच्याही वर गेला होता. आणखी एक, "दरवाजे बंद आहेत" असं ऐकलं तरी निर्धास्त होऊ नका. तिथल्या जलविद्युत केंद्रातूनही पाणी नदीत येतं.

हे पाणी पैठणहून आपल्यापर्यंत यायला काही तास लागतात. किती तास, ते ठरलेलं नाही. मधे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी असे बंधारे आहेत. नदी कोरडी असली तर पाणी जिरत, खड्डे भरत येतं. नदी आधीच वाहती असली तर लवकर पोचतं. म्हणून "मागच्या वेळी संध्याकाळी आलं होतं" हा हिशोब धरू नये.

सिंदफणा-बिंदुसरेकाठच्या मंडळींचं गणित वेगळं आहे. त्या आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या नद्या. पाटोदा-शिरूरकडं ढग फुटला की खाली लोंढा यायला फार वेळ लागत नाही, सूचना यायच्या आधी पाणीच येतं. तिथं वरच्या गावातल्या पाहुण्याला फोन करणं हीच सूचना. गोदावरी हळू चढते आणि हळू उतरते, सिंदफणा झपकन चढते आणि झपकन उतरते.

आपल्या मातीत ही गोष्ट नवी नाही. राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला आपण जातो, तिथंच १० ऑगस्ट १७६३ ला लढाई झाली. निजाम काही फौज घेऊन नदीपलीकडं गेला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडच्या काठावर होता. मराठ्यांनी गाठलं तेव्हा गोदावरी भरून वाहत होती, निजामाला मदत पाठवता आली नाही आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. एवढ्या मोठ्या फौजेलाही भरल्या नदीनं अलीकडं-पलीकडं अडकवलं, तिथं आपण दोन गळवाले कोण.

नाना कधीही आल्या आल्या गळ टाकायचे नाहीत. आधी एक तुराटी घ्यायची, पाण्याच्या बरोबर काठाला रोवायची, आणि लांब बसून तंबाखू मळायची. अर्ध्या तासानं बघायचं. तुराटी कोरड्यात आली तर पाणी उतरायलंय. तुराटीच्या पुढं पाणी आलं तर चढायलंय, दोन बोटं चढलं तरी घरी जायचं. पाणी किती आहे याच्यापेक्षा ते कुणीकडं चाललंय हे बघायचं. कमरेएवढं उतरतं पाणी काठावर बसणाऱ्याला काही करत नाही. घोट्याएवढं चढतं पाणी मात्र खडकावरच्या माणसाला बेटावर टाकतं.

तुराटीशिवायही खुणा आहेत. चढतं पाणी काडीकचरा, फेस, जलपर्णीचे गठ्ठे घेऊन येतं आणि रंग बदलतो. काल निवळ असलेलं पाणी आज ऊन असताना गढूळ झालं, तर वर काहीतरी झालंय. उतरत्या पाण्याची खूण काठावर असते. पाण्याच्या वर ओल्या मातीचा पट्टा आणि त्याच्या वर कचऱ्याची रेघ.

वेग बघायला एक चिपाड पाण्यात टाका आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चाला. चिपाड तुमच्या नेहमीच्या चालीनं चाललं तर गुडघ्याएवढ्या पाण्यातही शिरू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो. आणि जुनी उतारवाट आता विसरा. वाळू उपसल्यानं तळ दरवर्षी बदलतो. पाणी वरून सपाट दिसतं, पण खाली खड्डा पुरुषभर असू शकतो.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी मासे एकदम का ओढायला लागले? नशीब नव्हतं. पाणी चढायला लागलं की काठचे किडे, गांडुळं, गवताचं बी वाहून येतं आणि मासा खायला कडेला येतो. म्हणजे जी वेळ माशाची चांगली, तीच आपली वाईट. रिकामा बसलेला माणूस उठून घरी जातो. ज्याची दोरी ताठ झालीय तो उठत नाही. म्हणून मी स्वतःला नियम घातलाय, की मासे अचानक लागायला लागले तर आधी तुराटीकडं बघायचं, मग गळाकडं.

एक शेतकामातलंही. हीच तुराटी आपल्या नदीवरच्या मोटारींनाही कामाला येते. पाणी चढतंय दिसलं की आधी पेटीतून लाईट बंद करा, फ्यूज काढून खिशात घाला, मगच मोटार ओढायला पाण्याजवळ जा.

तर आज मी धाकट्याला नाही म्हणलं नाही. त्याला घेऊन नदीवर गेलो, तुराटी त्याच्याच हातानं रोवायला लावली. ग्रुपवरचा विसर्गाचा मेसेज त्यालाच वाचायला दिला आणि क्युसेकचे टँकर करायला लावले. अर्धा तास त्याला बसवेना. "पप्पा, बघा की, मासा उडाला." मी म्हणलं, बस.

अर्ध्या तासानं तुराटीच्या पुढं तीन बोटं पाणी होतं. त्यानंच मोजलं. परत येताना घरापर्यंत फुगून बसला होता, माझ्याशी बोलला नाही. दोरी मात्र स्वतःच गुंडाळली. नाना आता थकलेत, नदीवर येत नाहीत. ओसरीवरून त्यांनी विचारलं, "काय रे, किती सापडले?"

"काहीच नाही. तीन बोटं चढलंय," तो म्हणाला.

नाना म्हणाले, "मग बरं झालं. जेव आता."

वापसा अजून दोन दिवस येत नाही असं दिसतंय. काठावरच्या मंडळींनी मोटारी बघून घ्या, लेकरांना नदीची खूण दाखवा. तुमच्या गावात पाणी बघायची काय पद्धत आहे, कोणता दगड, कोणती पायरी, तेही सांगा. जुन्या माणसांना विचारून सांगितलं तर जास्त बरं.