अँटवर्प : हिऱ्यांच्या गल्लीपलीकडचे नगर

बेल्जियममधील अँटवर्प हे शेल्डे नदीकाठचे जुने बंदर. १९०५ साली खुल्या झालेल्या तेथील भव्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच थोड्या पावलांवर होवेनियर्सस्ट्राट ही अरुंद गल्ली लागते. हिऱ्यांचे चार बाजार या लहानशा परिसरात सामावले आहेत. ज्यू व्यापाऱ्यांनी घडविलेल्या या पेठेत १९६०च्या दशकापासून पालनपूरची जैन कुटुंबे येऊ लागली. आज तिचे नाते मुंबई आणि सुरतेशी घट्ट जुळलेले आहे. सौदा ठरला की हस्तांदोलन करून ‘मझल’ म्हणावयाचे, हा तेथील रिवाज. हा हिब्रू शब्द एकदा उच्चारला की व्यापारी माघार घेत नाही.

विल्राइक उपनगरातील शुभ्र संगमरवरी जिनमंदिर पाहिले की हा समाज तेथे किती स्थिरावला आहे, हे ध्यानी येते. परंतु पेढी, घर आणि मंदिर या तीन ठिकाणांतच आयुष्य सरले, तर मनुष्य त्या नगरात राहतो खरा, पण त्या नगराचा होत नाही.

नगराची पहिली ओळख पत्त्यापासून होते. नव्या घरात राहावयास गेल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत नगरपालिकेस कळवावे लागते. त्यानंतर त्या वस्तीचा पोलीस घरी येऊन कुटुंब खरोखरच तेथे राहते का, हे पाहून जातो. दारात पोलीस पाहून नवागत दचकतो. तेथे मात्र ही केवळ नित्याची नोंद असते.

दुसरी गोष्ट भाषेची. देशाच्या राजभाषा तीन असल्या, तरी अँटवर्पची भाषा डच. फ्लांडर्स प्रांतातील ‘इनबुर्गरिंग’ या अभ्यासक्रमात नवागतांना ही भाषा आणि समाजजीवनाची तोंडओळख शिकविली जाते. पेढीवर इंग्रजी, गुजराती, हिंदीत भागते. पण मुलाच्या शिक्षिकेशी, डॉक्टरांशी, शेजारच्या आजीबाईंशी बोलावयाचे तर डचच हवी. ती न शिकलेली गृहिणी परक्या देशात दुहेरी परकी होते. स्त्री-पुरुष समानतेचे तत्त्व बेल्जियमच्या राज्यघटनेत २००२ साली स्पष्ट शब्दांत नोंदविले गेले. भाषेवाचून ते तिच्यापर्यंत कसे पोहोचावे?

शिक्षणाबाबत तेथील कायदा कठोर आहे. पाच ते अठरा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे. मुंबईस लग्न आहे म्हणून शाळेच्या दिवसांत मुलांना घेऊन निघणे चालत नाही. आप्तांना हे कळत नाही आणि रुसवेही होतात. पण जो नियम कामगाराच्या मुलास, तोच हिरेव्यापाऱ्याच्या मुलास, यातच त्या समाजाचे समतेचे भान आहे.

मतदानाची सक्ती बेल्जियमने १८९३ सालीच केली. पुढे २००४च्या कायद्याने युरोपीय संघाबाहेरील नागरिकांनाही, पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा मार्ग खुला झाला. त्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि तेथील राज्यघटना व कायदे पाळण्याचे वचन सहीनिशी द्यावे लागते. अधिकार मागणाऱ्याने आधी बांधिलकी स्वीकारावी, असा हा सरळ व्यवहार आहे.

जैन श्रावकास ही भूमिका अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्याच पंक्तीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार हाही व्रताचा दोषच होय. ज्या भूमीने आश्रय दिला, तिच्या कायद्याचे पालन केवळ दंडाच्या भयाने नव्हे, तर व्रत म्हणून करावे, हाच त्याचा आशय.

‘मझल’ म्हणून दिलेला शब्द पाळणाऱ्या व्यापाऱ्यास नगरास दिलेला शब्द पाळणे जड जाऊ नये. पेढीची पत गल्लीत ठरते. कुटुंबाची पत मात्र शाळेच्या फाटकाशी, शेजाऱ्याच्या दारी आणि मतदान केंद्रावर ठरते.