घेऊ नये, असं का लिहिलं?

सहावीतला पोरगा धडा घडाघडा वाचतो. वाकाटक, विंध्यशक्ती, वत्सगुल्म. कुठंही अडखळत नाही. वाचून झाल्यावर ‘वत्सगुल्म कुठं आलं रे?’ म्हणून विचारलं की पुन्हा पुस्तकात बोट फिरवू लागतो. बोट ‘वाशिम’पाशी येऊन थांबतं आणि तो माझ्याकडं बघतो. ज्या वाशिमला आपण बापासोबत बाजाराला जातो, तेच हे, हे त्याला तेव्हा कळतं.

घडाघडा वाचणं मी कमी लेखत नाही. निपुण भारतच्या चाचण्यांत तेच तपासतात आणि ते तपासायलाच हवं. ज्याला जोडाक्षर फुटत नाही, त्याला इतिहास काय शिकवणार? पण हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, खरं कशावरून, हे विचारत वाचायची सवय लागते ती इतिहासाच्या तासाला. म्हणून हा तास मी वाचनाचाच तास धरतो.

साधनं कमी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे बहुधा एक लोखंडी कपाट, आणि त्यात गोष्टींची पुस्तकं बरी असली तरी आपल्या भागाच्या इतिहासाचं पुस्तक क्वचितच. अकोल्याचं गॅझेटियर आहे; वाशिम 1998 पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. पण त्याची भाषा पोरांच्या आवाक्यातली नाही. त्यातला मजकूर मी दहा-बारा ओळींत, मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून काढतो. वेळ जातो, पण दुसरा उपाय नाही.

एक साधन मात्र प्रत्येक जुन्या शाळेत असतं, दाखल-खारीज रजिस्टर. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याचा उतारा मागायला येतात, एरवी ते कुलपात. मुख्याध्यापकांना विचारून, जातीचा रकाना कागदानं झाकून, मी त्यातली जुनी पानं पोरांपुढं ठेवतो. पहिल्यांदा सगळे आपापली आडनावं शोधतात. मग एखादी पोरगी म्हणते, “सर, हे सारे एक जुलैलेच कसे जलमले?” तिथून खरा धडा सुरू होतो. घरी जाऊन आजीला विचारा म्हटलं, की दुसऱ्या दिवशी उत्तरं येतात: जन्माची नोंद नव्हती, गुरुजींनीच तारीख टाकली. ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना तर पोरं फार वेळ वाचतात. शाईनं लिहिलेलं, शिक्का असलेलं, तेही तपासून वाचावं लागतं, हे सांगायला मग मला वेगळं भाषण करावं लागत नाही.

यानंतर वाशिमचा ताम्रपट काढला की तो जड जात नाही. चौथ्या शतकातला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा हा लेख 1939 साली उजेडात आला. वत्सगुल्महून दिलेला, राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला. नांदीकड म्हणजे नांदेडकडचं एक गाव त्यानं अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलं. गावाला दिलेल्या सवलतींत सैनिकांनी गावात शिरू नये, गावातून फुलं आणि दूध घेऊ नये, असं आहे. मी फळ्यावर एवढंच लिहितो आणि थांबतो. घेऊ नये, असं का लिहावं लागलं? हळूहळू एकेक हात वर होतो. “म्हणजे सर, बाकीच्या गावातून नेत असतील!” राजाच्या दानपत्रातून गवळ्याची तक्रार वाचणारं पोर मला सनावळी पाठ असलेल्या पोरापेक्षा पुढं गेलेलं वाटतं.

याच ताम्रपटामुळं वाकाटकांची वत्सगुल्म शाखा नीट कळली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख त्याआधीही वाचलेला होता; पण वा. वि. मिराशींनी तो पुन्हा तपासला, तेव्हा या शाखेच्या संस्थापकाचं, सर्वसेनाचं, नाव जागेवर बसलं. विद्वानांनाही दुसऱ्यांदा वाचावं लागतं, हे ऐकून मागच्या बाकावरची पोरं जरा सावरून बसतात.

त्यातली काही तांड्यावरची असतात. घरी गोरबोली, गल्लीत वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी. ऊसतोडीचे दिवस आले की आईबापांसोबत निघून जातात आणि परततात तेव्हा धडे पुढं गेलेले असतात. अशा पोरांना मी मुद्दाम दाखवतो, की त्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा हुकूम प्राकृतात. राजालाही एका भाषेवर भागवता आलं नव्हतं. मग तेच दूध-फुलांचं कलम मी त्यांना गोरबोलीत सांगायला लावतो. बाकीचा वर्ग ऐकतो, अर्थ विचारतो, आणि त्या तासापुरते तेच गुरुजी असतात.

या ताम्रपटाचा एक मोठा, स्वच्छ फोटो आणि शेजारी सोप्या मराठीतला मजकूर, एवढं जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांच्या शाळांत लागायला हवं. खर्च फार नाही. तोवर माझ्या हातानं लिहिलेल्या तक्त्याच्या झेरॉक्स शेजारच्या शाळांतले शिक्षक घेऊन जातात. यंदा त्यांना रजिस्टरचाही तास घ्यायला सांगितलंय, जातीचा रकाना आधी झाकून.