नैरोबी ते किगाली : बसमधून भेटलेली माणसे

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिंह, जिराफ आणि उपाशी मुले उभी राहतात. सिनेमाने आपल्याला एवढेच दाखविले. 2023 साली आम्ही नवराबायको केनियातील नैरोबीहून निघालो आणि युगांडाच्या कंपाला शहरावरून रवांडाच्या किगालीपर्यंत बसने गेलो. भाचा कंपाल्यात नोकरीला आहे, म्हणून हे जमले. सिंह एकही दिसला नाही. माणसे मात्र पुष्कळ भेटली.

नैरोबीत लोक 'मटाटू'ने कामाला जातात. मटाटू म्हणजे आपली काळीपिवळीच; फक्त अंगभर रंगीत चित्रे आणि कानठळ्या बसविणारी गाणी. जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हाताने मोडायचा आणि पालेभाजीबरोबर खायचा. त्या स्वस्त भाजीचे नाव 'सुकुमा विकी', अर्थ 'आठवडा ढकला'. पगार संपल्यावर घर कसे चालते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच हे नाव ठेवले असणार. आमच्या सहचारिणीला ते इतके आवडले की घरी आल्यापासून महिनाअखेरीच्या मेथीलाही त्या तेच म्हणतात.

स्वाहिली भाषेत पैशाला पेसा, मोटारीला गारी आणि चपातीला चपातीच म्हणतात. आपली माणसे तिकडे फार पूर्वी गेली त्याची ही खूण. इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले.

कंपाल्याजवळ एन्टेबेला युगांडा बुद्धिस्ट सेंटर आहे. ते 2005 साली भन्ते बुद्धरक्खित यांनी स्थापन केले. भन्ते मूळचे युगांडाचेच. ते 1990 साली शिकायला भारतात आले आणि इथे त्यांना बुद्धाची ओळख झाली ती थायलंडच्या भिक्खूंमुळे. बुद्धाच्या देशात येऊन परदेशी भिक्खूंकडून! आपण तेव्हा कुठे होतो, असे मनात आले. विहारात आम्ही वंदना घेतली. शेजारी बसलेल्या युगांडाच्या बाईंचे पाली उच्चार आमच्यापेक्षा स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी तांदूळ घ्यायला एका भारतीय माणसाच्या दुकानात गेलो. मालकाने आनंदाने बसविले, गाव विचारले, आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर म्हणाला, "म्हणजे तुम्ही कोण?" आम्ही "बौद्ध" म्हणालो. चौकशी तिथेच थांबली. त्याच्या काळ्या नोकराचा चहाचा मग दाराबाहेर खिळ्याला वेगळा टांगलेला होता. तसा मग आमच्या आजोबांनी पाहिलेला. एवढा समुद्र ओलांडून माणसाने सोबत काय नेले बघा.

तिथून किगालीला दहा तासांचा प्रवास. सरहद्दीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेतात. रवांडात त्यांना 2008 पासून बंदी आहे. युगांडात डावीकडून धावणारी बस पलीकडे गेल्याबरोबर उजवीकडून धावू लागली. किगालीचे रस्ते इतके स्वच्छ की चॉकलेटचा कागद खिशातच ठेवावा लागला. मोटारसायकलवाला भाड्याने नेतो तेव्हा मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट देतो.

गिसोझी भागात 1994 च्या नरसंहाराचे स्मारक आहे. एप्रिल ते जुलै, अवघ्या शंभर दिवसांत, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. तिथल्या सरकारच्या हिशेबाने दहा लाखांवर. मेले ते बहुतेक तुत्सी, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही. दोघांची भाषा एक, देव एक, गावही एकच. पण 1930 च्या दशकात बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहून ठेवली होती. 1994 साली रस्त्यारस्त्यावर नाकी लावली आणि ते ओळखपत्र पाहून माणूस जगवायचा की मारायचा हे ठरविले. स्मारकात लहान मुलांची एक खोली आहे. फोटोखाली नाव, वय, आवडता खाऊ, आणि कसे मारले ते. आमच्या सहचारिणी दारातूनच परत फिरल्या.

आम्ही वीस वर्षे कारकुनी केली. रकाने भरणे हेच आमचे काम. त्या ओळखपत्रावर छापलेल्या नावांतले एक ठेवून बाकीची खोडलेली असत. ते कोणा कारकुनानेच खोडले असेल आणि संध्याकाळी घरी जाऊन तो शांतपणे जेवलाही असेल.

आता तिथे ओळखपत्रावर जमात नाही. आपल्याकडे काही शहाणे म्हणतात, तसेच करा, दाखल्यावरची जात पुसा की जात जाईल. हे आम्हाला पटत नाही. जातीचा दाखला निघण्याआधी शेकडो वर्षे आमची वस्ती गावाबाहेर होती. ती कोणत्या कागदावरून ठरली? तिथला कागद मारण्यासाठी वापरला गेला. आमचा दाखला बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्काचा आहे. दोन्हींना एका तागडीत घालता येत नाही.

ज्यांच्याकडे उतरलो त्या ताई शिक्षिका. कोण कोणत्या जमातीचा हे अजून कळते का, असे आम्ही मोडक्या इंग्रजीत विचारले. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे रवांडाचे. मुले विचारीत नाहीत, आम्ही सांगत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या वयाच्या माणसांना सांगावे लागत नाही."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथे 'उमुगांडा' असतो. सकाळी आठ ते अकरा दुकाने बंद ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून वस्तीचे काम करायचे. ताईंबरोबर आम्हीही फावडे घेऊन गटाराकाठचे गवत काढले. पलीकडे एक म्हातारा खाली मान घालून गवत कापीत होता. 1994 च्या गुन्ह्यासाठी तो अनेक वर्षे तुरुंगात होता, असे ताईंनी हळूच सांगितले. काम संपल्यावर झाडाखाली सभा भरली. पाणी कुठे तुंबते, दिवा कुठे हवा यावर बोलणे झाले. पिवळ्या कॅनमधून एकाच पेल्याने पाणी वाटले जात होते. ताई प्यायल्या, मग तो म्हातारा प्याला, मग पेला आमच्याकडे आला. आम्ही प्यालो आणि बॅग भरायला निघालो. बस दुपारी एकची होती.